परग्रहावरच्या झाडाचं नाव

सर, मी सध्या रोज दुपारी, जेवणाची भांडी आवरली की, परग्रहावर उतरते. हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघाल, म्हणून लगेच खुलासा करते. मिरजेला माझे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टर म्हणाले, डोंगर बंद, मांडी घालणं बंद, उकिडवं बसणं तर विसराच. जिला उकिडवं बसून गवत बघण्यापलीकडे दुसरं काही येत नाही, तिला हे ऐकवल्यावर ती घरात कशी वागते, ते घरच्यांना दोन दिवसांत कळलं. मग मुलगी बेंगळुरूहून आली आणि तिनं टीव्हीला एक खेळ जोडून दिला. अंतराळयान चालवायचं, खडकाळ ग्रहांवर उतरायचं, तिथली झाडं शोधायची आणि त्यांच्यावर एक यंत्र रोखायचं. यंत्र हिरवी रेघ फिरवतं आणि झाडाची नोंद होते. "आई, इथं गुडघे लागत नाहीत," असं म्हणून ती परत गेली. पत्राचं कारण असं, की एका ग्रहावर मला एक झाड सापडलंय. त्याला नाव द्यायचा अधिकार माझा आहे आणि मला ते तुमचं द्यायचंय. तुम्हाला असलं काही खपत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून परवानगी मागते आहे.

पहिले पंधरा दिवस मी नुसतीच मरत होते. यान कड्यावर आपटून मेले. यान नीट उतरवायला शिकले, तर बाहेर पडून ऑक्सिजन संपल्यानं मेले. दोष माझाच होता. झाड दिसलं की त्याची पानं समोरासमोर आहेत का एकाआड एक, हे बघितल्याशिवाय माझा पाय निघत नाही, आणि तेवढ्यात हवा संपते. एकदा एका निळ्या वेलीला उपपर्णं आहेत का ते शोधत होते, तर मागून सहा पायांचं कुठलंसं जनावर आलं आणि मला खाऊन गेलं. आमचे हे तेव्हा शेजारीच चहा पीत बसले होते. तुम्ही यांना एकदाच भेटलात, आमच्या लग्नात. सांगलीच्या हळद बाजारात जन्म गेलाय त्यांचा. यान खाली जायला लागलं की ते सोफ्याचा हात घट्ट धरतात. "आगं सावकाश, लय खडक हाय तितं! डाव्या अंगाला टाक, डाव्या!" परवा एका तांबड्या ग्रहाची माती बराच वेळ निरखली आणि म्हणाले, "निचरा बरा हाय. पर हळदीला पानी कुठनं आणायचं हितं?" तो ग्रह त्यांच्या मनातून उतरला, आम्ही पुन्हा तिकडे गेलो नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त राग येईल तो त्या यंत्राचा. तीन सेकंदांत उंची, वय, विषारी का बिनविषारी, सगळं सांगून मोकळं होतं. तुम्ही आम्हा सात जणांना एका तरवडाच्या झुडपापुढे पाऊण तास बसवलं होतं, आणि तेही भर मे महिन्यात, म्हसवडच्या माळावर. बाकीच्या कॉलेजांच्या सहली पावसाळा सरता सरता पठारावर फुलं बघायला जायच्या. तुमचं म्हणणं, फुलं आल्यावर कुणीही ओळखतं, खराटा झालेलं झाड ओळखून दाखवा. अजून दिसतं मला. एसटीतून उतरतोय, उन्हानं डोळे उघडत नाहीत, पुढे तुम्ही खुरपं घेऊन चाललाय आणि मागे आम्ही. पाणी कुणाकडेच उरलेलं नाही आणि तुम्ही म्हणताय, "अहो, या बोराटीला कुणी पाणी दिलंय का? उभी आहे ना?" मी पुण्यात वाढलेली, वडिलांची बदली साताऱ्याला झाली म्हणून तुमच्या वर्गात येऊन पडलेली. मला तिकडची बोली धड कळत नव्हती. तुमचा नियम असा, की झाडाचं स्थानिक नाव पुस्तकातून उतरवायचं नाही, तिथल्या माणसाला विचारायचं. मला खडकाच्या फटीत एक बुटकं, राखाडी झुडूप मिळालं. जवळच एक धनगरीण मेंढरं राखत होती. मी विचारलं, "मावशी, याला काय म्हणतात हो?" तिनं झुडपाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय की!" मी वहीत लिहून घेतलं. खात्री असावी म्हणून पुन्हा विचारलं, "कायकीच ना?" ती म्हणाली, "व्हय बाई, काय की."

ते झुडूप मी वाळवलं, कागदावर चिकटवलं आणि खाली सुवाच्य अक्षरात लेबल लावलं. स्थानिक नाव : कायकी. प्रात्यक्षिक परीक्षेला कोल्हापूरहून परीक्षक आले होते. त्यांनी तो कागद हातात घेतला आणि त्यांची मिशी हलायला लागली. "ही कायकी कुठं मिळती म्हणायची?" मी तोंड उघडणार तेवढ्यात खिडकीबाहेर बघत तुम्हीच उत्तर दिलंत. "म्हसवडपासून साताऱ्यापर्यंत सगळीकडे. आमच्या कॉलेजात तर विपुल आहे." वर्गातली सगळी मुलं खो खो हसायला लागली. काय की म्हणजे कुणास ठाऊक, हे मला त्या दिवशी कळलं. परीक्षक गेल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत. मला वाटलं, आता तुम्हीही हसाल आणि विषय संपेल. तुम्ही हसला नाहीत. "त्या बाईला ठाऊक नव्हतं, तिनं ठाऊक नाही म्हणून सांगितलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि तुम्ही नाव लिहून मोकळ्या झालात. आता दोघींत शास्त्र कुणाला कळतं, तुम्हीच सांगा." मी जिन्यात बसून रडले, आणि रडून झाल्यावर प्रयोगशाळेत येऊन लेबल बदललं.

तुमच्या घरी मात्र ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती. मी वही मागायला आले तर तुमच्या सौ., आमच्या सगळ्यांच्या बाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "या, कायकी! चहा टाकू का?" आणि पोळपाट बाजूला सारून पोट धरून हसल्या. त्या स्वयंपाकघरात मी पुढे दोन वर्षं कितीतरी वेळा बसले. फडताळात मसाल्याच्या डब्यांमागे तुमचे बियांचे डबे, आणि त्यांची अदलाबदल झालेली दोनदा तरी मी स्वतः चाखली आहे. बाई विचारायच्या, "आवं, आजचा पेपर कुठाय?" तुम्ही आतून उत्तर द्यायचात, "वाळतोय." आजचा पेपर गादीखाली, त्याच्या घडीत कसलंसं गवत, आणि बाईंना देशाच्या बातम्या आठवडाभर उशिरा, हिरवे डाग पडलेल्या अवस्थेत मिळायच्या. त्यांनी तुम्हाला कसं सोसलं, हे मला माझं लग्न झाल्यावर जास्त नीट कळलं.

सांगलीच्या कॉलेजात मला नोकरी लागली तेव्हा मी कंदी पेढे घेऊन आले. तुम्ही एक पेढा तोंडात टाकलात आणि कपाटातून तुमचं पितळी भिंग काढून माझ्या हातावर ठेवलंत. म्हणालात, "तीस वर्षं हिंडलो, एकही नवं झाड माझ्या हाती लागलं नाही. तुमच्या लागेल. जास्त नकोत, एक पुरे." मी भारावून म्हणाले, सर, मला मिळालं तर मी त्याला तुमचंच नाव देईन. तुम्ही ताडकन उसळलात. "खबरदार! झाडाला माणसाचं नाव म्हणजे चौकाला पुढाऱ्याचं. त्या झाडानं कुणाचं काय घोडं मारलंय?" बाई आतून म्हणाल्या, "पोरगी एवढ्या मायेनं म्हणतीया, तर व्हय म्हणायला काय जातंय?" तुम्ही शेवटपर्यंत व्हय म्हणाला नाहीत.

मला ते झाड मिळालं नाही, सर. पहिली पाच-सहा वर्षं मी खरंच हिंडले. मग मुलगी झाली, मग पेपर तपासणं, मग प्रवेश समिती, मग आणखी कसली समिती. जास्वंदीचा उभा छेद फळ्यावर इतक्या वेळा काढला, की आता डोळे मिटून काढता येतो. डोंगराकडे वर्षातून एकदा, तेही मुलांची सहल म्हणून, आणि लक्ष सगळं मुलं मोजण्यात. तुम्ही दर दिवाळीच्या पत्रात एकच ओळ लिहायचात, "काही नवीन?" आणि मी उत्तरात घरच्या खुशालीची दोन पानं भरायचे. तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली. निरोप आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलवर होते. साताऱ्याला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाईंनी माझा हात धरला. मला तेव्हा दुःखापेक्षा लाज जास्त वाटली, आणि दुःख नंतर सावकाश, फार वर्षं होत राहिलं.

आता ते झाड. ग्रह थंड आहे, सगळा काळा दगड, आणि उतार असा की यान तीनदा घरंगळलं. चौथ्यांदा यांनी सोफा सोडला आणि उभं राहून मार्गदर्शन केलं तेव्हा टेकलं. कपारीत वीतभर उंचीचं होतं. मी यंत्र रोखलं नाही, आधी बघितलं. सगळी पानं उजेडाकडे पाठ करून, खडकाकडे तोंड करून वाढलेली. असं मी पृथ्वीवर कुठं बघितलेलं नाही आणि त्या खेळातही नाही. यांना वही आणायला लावली, चित्र काढलं, पानं मोजली, त्यात दोनदा मेले आणि दोनदा परत गेले. मग यंत्र रोखलं. पडद्यावर आलं, हे झाड आजवर कुणीही नोंदवलेलं नाही, नाव द्या. एकदा नाव दिलं की बदलता येत नाही, आणि जगात कुठूनही कुणी तिथं उतरलं तरी त्याला तेच नाव दिसणार. हे म्हणाले, "पर खोटंच हाय की गं सगळं." खोटंच आहे. यंत्रानं फासे टाकून बनवलेलं झाड आहे, त्याला मूळ नाही, माती नाही. तरी मी वहीतल्या चित्रावरची पानं पुन्हा मोजायला घेतली. ते बघून हे नरमले आणि म्हणाले, "सरांचं नाव दे जा. एवढा इचार कसला करतीस?"

तुमची परवानगी मागते असं वर लिहिलंय, ते खरं नाही. नाव मंगळवारीच देऊन झालंय. हे चहा टाकायला आत गेले होते. रिमोटनं एकेक अक्षर निवडत तुमच्या नावाची पहिली तीन अक्षरं मी लिहिली, खरंच लिहिली. मग खोडली. यांना सांगितलं, सरांचं दिलं, आणि ते आता बाजारात चारचौघांना सांगत सुटलेत की आमच्या हिनं गुरूचं नाव आभाळात नेलं. तुमची मुलगी, आता सांगलीतच असते ती, परवा यांच्या दुकानावर हळद घ्यायला आली, तर तिलाही सांगितलं, आणि ती बिचारी डोळे पुसत गेली म्हणे. आता कुठल्या तोंडानं सांगू? निदान तुम्हाला तरी खरं सांगावं म्हणून लिहायला बसले, आणि हे पत्र कुणाच्या हाती लागायचं नाही याचं मला बरंच वाटतंय. मी माझं नाव दिलंय, सर. सासरचं नाही. तुमच्या हजेरीत होतं ते.