माझी मिशी, तुमचा दुखवटा

माकणी,
मंगळवार

तीर्थरूप काकांच्या चरणी रामकिसनचा साष्टांग नमस्कार. इकडं सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमची तब्येत कशी आहे? मोतीबिंदूच्या डोळ्याचं पाणी थांबलं का, जेवण जातं का, हे मी रीत म्हणून विचारत नाही. तुम्ही धडधाकट आहात हे गावाला कळण्याची या वेळी फार निकड आहे. का, ते पुढं येईलच. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि डोळ्याला पट्टी आहे, तेव्हा लातूरला तुम्ही जिच्याकडं आहात त्या विठाताईनं हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवावं. (ताई, कंसातलं मनातल्या मनात वाच. तुला फोनवर सांगितलं असतं, पण तू पहिल्याच वाक्याला रडायला लागतेस.)

तर आमचा रणधीर आणि सूनबाई अर्पिता जर्मनीहून आले आणि अनाथ लेकरांच्या संस्थेतून महेश्वरीला दत्तक घेऊन गेल्या आठवड्यात घरी पोचले. पोर सव्वा वर्षाची आहे, नाकीडोळी नीटस. तिच्यासाठी या दोघांची तिकडच्या बायांनी आणि इकडच्या साहेबांनी वर्षानुवर्षं चौकशी केली. घर केवढं, झोपता कधी, राग आला तर काय करता, सगळं विचारलं. (काका, तुम्ही मला दत्तक घेतलंत तेव्हा भावकीनं गूळ वाटला आणि झालं. तुम्हाला राग आला तर काय करता हे कुणी विचारलं असतं, तर मी आज जन्मदात्या बापाकडंच असतो.) आता कोर्टाचा हुकूम झालाय, पण रणधीरच्या आईला, कमलला, तो पुरत नाही. आपल्यात भावकीदेखत लेकरू मांडीवर बसलं की ते आपलं, आणि आज्याच्या मांडीवर बसल्याशिवाय नात कसली, असं ती म्हणते. मला ते पटलं. पासपोर्ट आला की पोर जर्मनीला जाणार, मग कधी दिसणार देव जाणे. त्याआधी ती एकदा माझ्या मांडीवर बसावी, यापलीकडं मला काही नको होतं.

पण आमचं नशीब पडलं फुटकं. शेजारच्या उत्तरेश्वराला नातीच्या स्वागताची हौस. तो तेरखेड्याला जाऊन फटाक्यांच्या माळा घेऊन आला. पोरीनं गाडीतून डोकं बाहेर काढायला आणि त्यानं माळ पेटवायला एक गाठ पडली. धुरातून तिला जे पहिलं तोंड दिसलं ते माझं, मिशीसकट. तेव्हापासून मी दिसलो की ती जे भोकाड पसरते ते मी जाईपर्यंत. कमलच्या हातून भात खाते, म्हशीकडं बघून हसते, आणि मला बघितलं की पाय झाडते. सून घरात आल्यापासून मी खाकरल्याशिवाय आत गेलो नाही. आता खाकरायचीही चोरी, कारण खाकरलं की तिला कळतं हाच तो. काका, मी माझ्या घरात मागच्या दारानं चप्पल हातात घेऊन शिरतो आणि गोठ्यात जेवतो. म्हैस वळून बघते, पण बोलत नाही.

अर्पितानं कारण शोधलं. संस्थेत सगळ्या बायाच. पुरुष यायचा तो एकटा सुई टोचणारा डॉक्टर, आणि त्याला मिशी होती म्हणे. हे ऐकलं आणि माझी मती फिरली. तडक सलूनात गेलो आणि मिशी काढ म्हटलं. न्हाव्यानं आधी मोबाइलवरचं गाणं बंद केलं, मग हळूच विचारलं, ‘कोण गेलं?’ मी म्हटलं, कुणी नाही, तू काढ. त्यानं मिशी काढली आणि न विचारता मशीन डोक्याला लावली. मी म्हटलं, नुसती मिशी. त्यावर त्यानं असं बघितलं, जणू बापाच्या मागं डोकंसुद्धा न करणारा कलियुगातला पोरगा तो मीच.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. मिशी उतरवलेला मी, आणि लातूरला ऑपरेशनला गेलेले तुम्ही. गावानं दोन्ही जोडलं. (ताई, इथं हसू नकोस, त्यांना कळेल.) मी घरी पोचायच्या आत बाया पदर तोंडाला लावून दारात. बिराप्पा भाकरीची दुरडी घेऊन आला आणि म्हणाला, ‘लई सोन्यावानी माणूस व्हता.’ मी ओरडून सांगितलं, अरे, काका जिवंत आहेत! तो पाठीवर हात फिरवत म्हणाला, ‘व्हय, सुरवातीला आसंच वाटतंय.’ जास्त बोलावं तर शहाणी माणसं म्हणतात, सुतकात नातीचं कौतुक अडेल म्हणून रामकिसन मयत लपवतोय.

आणि ज्यासाठी मिशी गेली ते? महेश्वरीनं माझ्या उघड्या तोंडाकडं क्षणभर बघितलं आणि दुप्पट रडली. आधीच्या माणसाला ती निदान ओळखत तरी होती. काका, मी पार हरलोय. चाळीस वर्षांची मिशी गेली, तुम्ही गेलात, आणि नात काही आली नाही.

म्हणून विनंती, पत्र वाचताच निघून या. पारावर उभं राहून दोघातिघांना तुमच्या ठेवणीतल्या शिव्या द्या. त्याशिवाय गावाचा विश्वास बसायचा नाही.

आपला आज्ञाधारक,
रामकिसन

ता. क. पत्र खिशातच राहिलं आणि इकडं सगळं उलटं झालं, तेव्हा येऊ नका. आज सगळी भावकी दुखवट्याला आली. ओसरीवर सतरंजी टाकली, बायांनी सूर लावला, कडेवरची लेकरंही रडायला लागली. आम्हाला वाटलं महेश्वरी आता घर डोक्यावर घेणार. तर ती रांगत बाहेर आली आणि गप्प. अर्पिता म्हणाली, संस्थेत एका खोलीत इतकी लेकरं, एक रडलं की सगळी रडायची. तिला आपल्या घरातल्या शांततेचीच भीती वाटत असणार. पोर या मांडीवरून त्या मांडीवर करत आली, आणि मी मान खाली घालून बसलो होतो तिथं थांबली. मिशी होती तिथं हात लावून बघितला. मग बसली, भावकीदेखत, माझ्या मांडीवर. मला रडू आवरेना. बाया म्हणाल्या, ‘फुटला बाई एकदाचा हुंदका.’ (ताई, त्यांनी मला मांडीवर घेतलं तेव्हा मीही असाच त्यांच्या मिशीला हात लावला होता, असं आई सांगायची. हे मोठ्यानं वाच.) तेव्हा काका, कृपा करून अजून थोडे दिवस गेलेलेच राहा. तुम्ही जिवंत आहात हे कळलं की माणसं यायची बंद होतील, आणि घर पुन्हा शांत होईल.

आणखी एक. पासपोर्ट आला. रविवारी विमान आहे. तुम्ही सोमवारच्या पहिल्या एसटीनं या. गाव मला शिव्या घालेल, घालू दे. मिशी तोवर उगवायची नाही. पण त्या दिवशी कुणी विचारलं, कोण गेलं, तर मला ‘कुणी नाही’ म्हणता यायचं नाही. तेव्हा शेजारी बसायला तुम्ही पाहिजे.