पिनेतली कडी

रविवार, संध्याकाळ

फणसवाडीत, आपल्या घरी, तिघंही सुखरूप. आई आत चहा करतेय. मला मात्र अजून ती कडी दिसतेय. म्हणजे तिथे नसलेली कडी.

आज आईला पहिल्यांदाच आमच्या छोट्या कॅटमरानवर, दोन होड्यांमध्ये जाळी ताणलेल्या शिडाच्या बोटीवर, नेलं. सुकाणू दादाकडे होतं. चौपाटीकडे वळणार, एवढ्यात मी सहज पाहिलं, तर डोलकाठीला उजवीकडून धरणाऱ्या तारेची पिन अर्धी बाहेर आलेली! पिन सरकू नये म्हणून तिच्या भोकात असते ती बारीक कडीच नाही. वारा डावीकडून होता, म्हणून ती तार ढिली होती आणि काठी उभी होती. बोट वळली असती तर सगळा ताण त्याच तारेवर आला असता. आणि काठी खाली. आईवर.

"दादा, वळवू नकोस! सरळ ठेव!"

"का गं?"

"सरळ ठेव म्हटलं ना!"

जाळीवरून रांगत गेले, पिन आत ढकलली. पण कडीच्या जागी घालू काय? आईने काही न विचारता बांगडीतली सेफ्टीपिन काढून दिली. ती भोकात ओवली, तार दोनदा ओढून पाहिली, मग वळलो. सकाळी तारा मीच जोडलेल्या. कडी घातली होती ना मी? घातली होती. बहुतेक.

आत्ता आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता घाबरेल. गाळणी झटकत म्हणाली, "माका तेव्हाच कळला हुता, तुझा तोंड बघून. म्हणान गप बसलंय."