खांदमळणीच्या दिवशी धरलेला माणूस

शनिवार, २९ ऑगस्ट १९४२
पलटण आली. जऊळक्याच्या टेसनावर उतरली अन् सरळ आमच्या गावात. परवा कोणी रुळाच्या पट्ट्या काढून मालगाडी पाडली, तिच्याखाली लाइनीवरचा इसाजी मेला. इसाजी याच गावचा. त्याच्यापायी आज बारा माणसं चावडीपुढच्या निंबाले बांधून फोडून काढली. बारातला एकही रुळाकडे गेला नव्हता. मी गावचा पाटील, म्हणून एकेकाचं नाव मलेच सांगा लागलं.

पट्ट्या कोणी काढल्या ते मले माहीत हाये. माह्या लहान्या भावानं, संपतनं. जंगलात पळाच्या आधी सांगून गेला, "दादा, गाडी पाडाची व्हती, माणूस नाही." गाडीबरोबर माणूस बी मरते हे शेंबड्या पोराले समजते.

रवि. ३०
आज कडब्याच्या गंज्या पेटवल्या. पाच घरच्या. नायब तहसीलदाराले म्हणलं, साहेब, कडब्यानं काय गुन्हा केला? तो हळूच म्हणे, "पाटील, हे इसाजीसाठी नाही. लढाई चालू हाये, गाड्या निंगाल्या पाह्यजेत. आजूबाजूच्या गावायले धूर दिसला पाह्यजे." खरं बोलला, म्हणून अजूनच राग आला.

पण पट्ट्या काढणाराले मोकळं सोडा, असं बी मले म्हणवत नाही. इसाजीचं काय मंग? दिवसभर घरात न् वट्यावर नुसत्या येरझारा.

गुरु. ३ सप्टें.
संपत गावातून गायब, म्हणून पलटणीचा संशय त्याच्यावरच. कप्तानानं मले चावडीत बोलावलं. गोरा, तरणा, घामानं बेजार. नायब त्याचं मराठी करून सांगे. म्हणे, तुमचे लोक कसले शेतकरी, जनावरं टाकून पळतात. मले झोंबलं. म्या म्हणलं, सायबाले सांगा, आमचा माणूस आईले इसरन पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी इसरत नाही. वर्षभर जू वाहून सुजलेला खांदा, त्याले तूप-हळद आपल्याच हातानं लावा लागते. दुसऱ्याच्या हाती देत नाही कोणी.

कप्तानानं डायरीत लिहून घेतलं. पोळा कोणत्या तारखेले, ते बी इचारलं. मी गाढव, तारीख बी सांगतली.

बुध. ९
लिहाची लाज वाटते. तरी लिहितो.

आज खांदमळणी. संपतची जोडी त्याच्या गोठ्यात तशीच. त्याची बायको दारात बसून. बैलायले बिनमळणीचं ठेवाव कसं? मीच जाणार व्हतो, तेवढ्यात चावडीतून बोलावणं आलं. मंग शेजारच्या नामदेवाले म्हणलं, तू लाव बाबा. नामदेव संपतचा सावडीचा जोडीदार, दोघायचे बैल एकमेकाच्या वावरात चालतात, म्हणून चालते म्हणलं. नामदेव पळसाचं पान अन् तुपाची वाटी घेऊन गेला.

पलटणीनं गोठ्याले वेढा घातला. संपतच्या बैलाच्या खांद्याले जो तूप लावते तोच संपत, दुसरा कोण? मीच तर सांगतलं व्हतं.

चावडीत आणला तवा नामदेवाच्या बोटायले हळद व्हती. तो म्हणे, मी नामदेव. संपतची बायको म्हणे, हा नामदेव. कप्तान म्हणे, सारं गाव खोटं बोलते, पाटलाले इचारा. नायब माह्या कानाशी, "हो म्हणा पाटील. सायबाले माणूस दाखवाचा हाये. तुमचा भाऊ बी वाचते."

म्या म्हणलं, अंधारात वळखू येत नाही. कंदील चार हातावर व्हता. थू माह्या पाटीलकीवर.

त्याले वाशीमले नेलं. हा संपत हाये का नाही, ते मंगळवारी मॅजिस्ट्रेटपुढं म्या शपथेवर सांगाचं. नामदेव संपत ठरला त त्याले फाशीच.

गुरु. १०
पोळा. तोरण बांधलं नाही. कोणी कोणाच्या दारात बैल नेला नाही. नामदेवाचे बैल त्याच्या बायकोनं धुतले. मले राम राम केला तिनं, रोजच्यासारखा. त्याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या त बरं.

शनि. १२
संपतनं बायकोच्या हाती चिठ्ठी धाडली. "दादा, तू गप राह्य. नामदेवाले सोडतीन. नाही सोडलं त त्याच्या नावानं सारा वऱ्हाड पेटते."

वाचून डोकं फिरलं. नायबाले धूर पाह्यजे, माह्या भावाले आग पाह्यजे. जळाले मातर नामदेव. सायब परका तरी हाये. संपत नामदेवाच्या ताटात जेवलेला.

पण तोच संपत मायच्या मांगं माह्या पाठीवर वाढला. त्याच्या गळ्यात दोर मीच घालू का?

रवि. १३
इसाजीची बायको सखू आली. नायबानं कागदावर तिचा आंगठा घेतला म्हणे, त्यात काय लिवलं ते इचाराले. नक्कल माह्या दप्तरात व्हतीच. वाचून दाखवली : गावास कडक जरब बसावी ही माझी मागणी.

आंगठा पदराले पुसत राह्यली. मंग म्हणे, "म्या त त्याचा डब्बा न् कंदील मांगतला व्हता. गंज्या माह्या नावानं जाळल्या काय? आता बाया मले पाण्यावर उभं राहू देत नाहीत." उठतानी म्हणे, "पाटील, ज्यानं केलं त्याले तुमी जाणता. मले गाव मारून नाही पाह्यजे. तोच पाह्यजे."

मी पान-सुपारीचा डबा पुढं केला. तिनं पान घेतलं नाही.

मंगळ. १५
जऊळका टेसन. वाशीमच्या गाडीची वाट पाहून राह्यलो. लाइनीवर शिपाई उभे. सखू बी आली, खाली पोत्यावर बसली हाये. म्हणे, तुमी काय सांगता ते मले माह्या कानानं ऐकाचं हाये.

निंगतानी नामदेवाची बायको येशीपर्यंत आलती. भाकरी अन् ठेचा फडक्यात बांधून दिला. म्हणे, "जास्तीच्या हायेत भाऊ. वापस येतानी दोघं मिळून खाजा." म्या बरं म्हणलं अन् घेतल्या.

घंटी झाली. इथं कोपऱ्यात बसून, पट्ट्या काढणारा म्हणून संपतचं नाव एकदा मोठ्यानं म्हणून पाहाव म्हणलं, मॅजिस्ट्रेटपुढं म्हणा लागन तसं. दोनदा तोंड उघडलं. निंगालं नाही. भाकरी अजून ऊन हायेत.