हौसासाठी खोली

निजामपुरा, भिवंडी
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी शुगर ताब्यात असेल, वहिनीचा गुडघाही आता बरा असेल. आमच्याकडे सगळं ठीक. सासूबाई हिंडत्याफिरत्या आहेत, प्रितमची परीक्षा चालू आहे.

तुझं शेलार गाव इथून रिक्षाने किती लांब, आणि मी पत्र लिहितेय, याचं तुला हसू येईल. फोनवर तू "बघू" म्हणतोस आणि मी "बरं" म्हणते. कागदावर मला "बरं" म्हणावं लागत नाही.

हौसाबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या निवारा केंद्रात आली तेव्हा ती पिशवीचा बंद पायाला गुंडाळून झोपायची. अंबाडी गावाकडची बाई. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं, कामाच्या शोधात इथे आली आणि पुलाखाली राहिली. आम्ही तिला गोदामातलं काम शिकवलं: माल तपासणं, स्कॅनर धरणं, खोका भरून पट्टी मारणं. आकडे शिकताना माझ्यावरच चिडायची, "ताय, तुजा आठ नि माजा आठ येगला का दिसतो?" आता ती तुमच्याच बाजूच्या एका गोदामात पॅकिंगला आहे. पगार वेळेवर होतो, सुपरवायझर खूश आहे. आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे कमावत्या बाईने खाट सोडायची असते, हौसाने दिवाळीपर्यंत, कारण त्या खाटेसाठी दुसरी बाई बाहेर थांबलेली आहे.

खोली मात्र मिळत नाही. पाचसहा पुरुष एकत्र आले तर त्यांना चटकन मिळते. एकट्या बाईला जो तो विचारतो, "तुझा माणूस कुठाय?"

तिच्या आधी तुळजा नावाची एक होती. तीही शिकली, कामाला लागली, खोली न मिळाल्याने स्टँडमागे झोपायला गेली. तिथे आंघोळ कुठे करणार, कपडे कुठे वाळवणार? कामावरच्या बायका तिच्याजवळ डबा खायला बसेनात. महिन्याभरात काम गेलं. आमच्या नोंदवहीत ती अजून "नोकरीला लागलेली" आहे. मग आम्ही नक्की काय करतो, दादा? सकाळी माणसं उभी करतो आणि संध्याकाळी त्यांना परत रस्त्यावर नेऊन सोडतो?

म्हणून मागच्या रविवारी मी हौसाला तुझ्या चाळीत आणलं होतं. त्या दिवसातली एक गोष्ट तुला ठाऊक नाही. येताना रिक्षात मी तिला पढवलं होतं: वहिनीने विचारलं तर सांग, ताईंच्या घरी कामाला होते, तिथेच राहायचे. ती मान हलवत होती. ओट्यावर टेकतो न टेकतो तोच वहिनीने विचारलं, "आधी कुठं ऱ्हायचीस गो?"

"पुलाखाली," हौसा म्हणाली. "पन माजी जागा रोज झाडून घ्यायची हां."

वहिनी हसली नाही. "मागं कोन न्हाय, पुढं कोन न्हाय. उद्या काय झाला तं पोलीस आमच्या दारात."

आणि तू मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालास, "दिपे, आश्रम तू काढलास, मी न्हाय. एवढी कळ येते तं घेऊन जा तुज्या घरी."

मी चहा प्याले. तेच मला छळतंय. चहा संपवला, कप आत नेऊन विसळला. ज्या बाईला मी कुणासमोर मान खाली घालू नकोस असं सांगत आले, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि परतताना मी चिडले ती तिच्यावर! "एवढंसं सांगितलेलं लक्षात राहत नाही?"

"राह्यला व्हता," ती म्हणाली. "पन ती मला 'गो' बोलली ना, ताय. घरच्यावानी. निघून गेला तोंडातून."

तुझं "घेऊन जा तुझ्या घरी" मी स्वतःला विचारून पाहिलं. दोन खोल्यांत आम्ही चौघं. तिसरी असती तर दिली असती का? छातीवर हात ठेवून हो म्हणवत नाही. तेव्हा तुला घाबरट म्हणायचा मला हक्क नाही.

हक्काचंच लिहायचं आहे खरं तर, आणि इतका वेळ मी ते टाळतेय. बाबा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. तू जबरदस्ती केली नव्हतीस. थोरली बहीण म्हणून आक्का म्हणाली होती, "सही केलीस की माहेर राहतं गो," आणि मी आनंदाने केली. जमीन गोदामाला गेली, त्या पैशांत तुझी चाळ उभी राहिली. मला कधी वाईट वाटलं नाही, असंच मी सगळ्यांना सांगते. वाटलं, दादा. रविवारी वाटलं. माहेर राहतं म्हणजे नेमकं काय राहतं, ते त्या ओट्यावर कळलं. चहा राहतो.

मी वाटणी मागत नाही. केली सही ती केली. हौसा इतरांसारखंच भाडं भरेल. जामीन म्हणून माझं नाव लिही. पोलीस आले तर माझ्या दारात येऊ देत.

भाऊबीजेला मी येणार आहे. साडी घेऊ नकोस. ओवाळल्यावर ताटात विहिरीकडच्या रिकाम्या खोलीची किल्ली टाक. नाही टाकलीस तरी ओवाळेन. तुला आयुष्य मागताना मी अटी घालणार नाही. हौसा सोबत असेल, सामानासकट, कारण त्या सकाळी तिने खाट सोडलेली असेल. सणाच्या दिवशी असं दारात उभं राहणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. दुसरं काही सुचलं असतं तर केलं असतं. ती म्हणत होती, "तुमी आत जा, मी रिक्षात बसते." मी नाही म्हटलं. तुला नकार द्यायचाच असेल तर या वेळी मला देऊ नकोस. तिच्याकडे बघून तिला दे.

वहिनीला नमस्कार.

सही करताना काहीच न मागितलेली तुझी बहीण,
दिपाली