किड्यांचे पत्ते

४ मार्च
विभागप्रमुख महिनाअखेर निवृत्त. त्या खुर्चीला माझ्याशिवाय संग्रहालयात आहे कोण? शेजारच्या टेबलावरची शंकाबाई? तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं. हॅ!
संकल्प: बिया शोषणाऱ्या किड्यांचे ड्रॉवर चकाचक करून संचालक मॅडमना गार करायचं. किडे ठीक आहेत. टाचणीखालची लेबलं मात्र कळकट. कुठे सापडला, कुणी पकडला, सगळं मुंगीच्या अक्षरात. आता प्रिंट!

५ मार्च
आधी सगळी जुनी लेबलं काढणार, मग सगळी नवी लावणार. एकेक करत बसायला मी काय शंकाबाई आहे? ती म्हणाली, पण लेबल सुटलं की नुसता मेलेला किडा उरतो. म्हटलं, बाई, क्रम डोक्यात पक्का आहे.

६ मार्च
लेबलं क्रमाने टेबलावर मांडली. भयंकर उकाडा. पंखा लावला.

७ मार्च
पंख्याचा स्पीड सदोष. मेंटेनन्सला खरमरीत मेल. लेबलं सगळी सापडली, कपाटाखालचीसुद्धा. कुठलं कुणाचं, एवढाच किरकोळ प्रश्न.

१० मार्च
सुटला! किड्याकडे नीट पाहिलं की गाव कळतं. काळा, राकट: डोंगर. फिकट, शेलाटा: समुद्रकिनारा. बायको म्हणाली, कुणाला तरी विचारा. कुणाला? शंकाबाईपुढे नाक घासू?

१८ मार्च
नवी लेबलं लागली, जुनी केराच्या टोपलीत. मॅडम चक्क 'वा' म्हणाल्या. या नोंदींवरून किड्यांचा नकाशा करणारा तज्ज्ञ येणार आहे. बायकोला कोट इस्त्रीला टाकायला सांगितला.

२४ मार्च
तज्ज्ञ म्हणजे कालचं पोर. ड्रॉवर पाहून आ वासला. मला वाटलं, कौतुक. म्हणाला, हा किडा खाडीकाठच्या गवताचं बी सोडून काही खात नाही, बर्फाच्या शिखरावर कसा पोचला? मी म्हटलं, हवापालट. कुणी हसलं नाही. मॅडमनी जुनी लेबलं मागितली. मी टोपलीकडे पाहिलं. टोपली रोज रिकामी होते.
शंकाबाई या वेळी 'पण' म्हणाली नाही. तेच जास्त लागलं. डोळे भरून आले. धुळीची अ‍ॅलर्जी.

१ एप्रिल
खुर्ची शंकाबाईला. वशिला, दुसरं काय! मला तळमजल्यावर नेमलंय, प्रेक्षकांच्या बॅगा सांभाळायला. म्हणजे खरं तर जनसंपर्कच. बॅगांना अडकवलेले नंबरचे बिल्ले काय कळकट आहेत! आधीच्याला सौंदर्यदृष्टीच नव्हती. उद्या गर्दी झाली की सगळे एकदम काढून धुणार. कुठली बॅग कुणाची, ते माणसाकडे नीट पाहिलं की कळतंच.