बिनडायवरच्या गाडीतलं गाऱ्हाणं

हैदराबाद, गुरुवार

ती. लीलाआतेस समर्थचा नमस्कार,

आणि "म्हाताऱ्या माणसाक उलटो टांगलंस" हे जे तू फोनवर म्हणालीस, ते अर्धंच खरं आहे. उलटे झालो ते दोघेही झालो, आणि लगेच सुलटेही झालो. पण ते सांगायच्या आत तू फोन ठेवलास, आणि तेव्हापासून उचलत नाहीस. म्हणून पत्र लिहितो आहे, पत्राला मध्येच ठेवता येत नाही (चुलीत घालता येतं, पण तू तर तेलाची रिकामी पिशवीसुद्धा जपून ठेवतेस). तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली काय? मी बरा आहे. मान सोडून.

तुझा राग मला कळतो, गो. तू रियाच्या वडिलांकडे, अप्पांच्या पडवीत बसून, लग्नासाठी माझा शब्द टाकलास. पोरगो आठवीत शाळा सोडून पळालो तरी कामाक वाईट नाय, असं सांगितलंस. अप्पांचं म्हणणं एकच, की हा पोर टिकत नाही. तारकर्लीची बोट सोडली, फोंड्याचं गॅरेज सोडलं, कोल्हापूरची बेकरी सोडली (बेकरी मी सोडली नाही, मालकाने मला सोडलं, पण ते जाऊ दे). लिफ्टच्या कामावर इथे दीड वर्ष झालं तरी त्यांना खरं वाटेना. रिया म्हणाली, बाबा हो म्हणाले तर माझं हो. म्हणून अप्पा स्वतः बघायला आले. म्हणजे परवाचा रविवार ही माझी परीक्षाच होती, आणि सातवीनंतर मी एकही परीक्षा पास झालेलो नाही, हे तुला माहीत आहे.

मी त्यांना इथला मोठा किल्लाच दाखवणार होतो. पण शहराबाहेरच्या खेळपार्काची लिफ्ट आमच्या कंपनीने बसवली, त्याचे दोन फुकट पास माझ्याकडे होते. ते चहाच्या कपाखाली ठेवलेले अप्पांनी बघितले. फुकटची वस्तू वाया घालवणारा जावई त्यांना नको, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग गेलो.

आत गेल्यावर सगळ्यात उंच रोलरकोस्टर, म्हणजे रुळांवरून उलटीसुलटी पळणारी गाडी, बघून मी म्हटलं, ही आपल्यासाठी नाही. तिथेच चुकलं. अप्पांनी डायवर म्हणून एवढी वर्षं एसटी फोंडाघाटातून उतरवलीय, धुक्यात, एका बाजूला लाकडाचे ट्रक आणि दुसऱ्या बाजूला दरी, तेव्हा ह्या लोखंडाच्या घाटाला ते काय भिणार? रांगेत पुढे जाऊन पहिलीच सीट धरली, कारण मागच्या सीटवर बसायची त्यांना सवय नाही. चढण्याआधी चपला रॅकमध्ये काढायच्या असा तिथला नियम आहे. अप्पांनी तक्रार न करता काढल्या, वर पायरीला हात लावून कपाळाला लावला, एसटीत चढताना लावायचे तसा. मग सीटवर छातीपुढचा दांडा बसवणाऱ्या पोराला विचारलं, ह्येचो डायवर खंय? तो हिंदीत म्हणाला, डायवर नसतो काका, कॉम्प्युटर असतो. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "डायवर नाय, तर जबाबदार कोण?" मी काही सांगायच्या आत गाडी सुटली.

पहिल्या उतारावर अप्पा ओरडले नाहीत. ते ब्रेक दाबत होते. आते, तिथे ब्रेक नाही, तरी अनवाणी पायाने ते पत्रा असा दाबत होते की माझा पाय मध्ये सापडला (अंगठा अजून काळा आहे). वळणावर हाताने हॉर्न शोधत होते. मग आम्ही उलटे झालो, सुलटे झालो, माझे डोळे मिटलेले होते, आणि गाडी कड्यासारख्या उंच टोकावर जाऊन थांबली. अडकलीच. खाली माणसं भातखाचरातल्या बगळ्यांएवढी असणार. मागच्या सीटवर तेलुगू कॉलेजपोरं होती. आणि तिथे अप्पांनी देवळातला आवाज लावला. तुला तो आवाज माहीत आहे, वाडीत कोणाच्या घरी काय झालं तरी देवापुढे गाऱ्हाणं घालून मागणं मागायला त्यांनाच बोलावतात.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकरांका ह्या बिनडायवरच्या गाडयेत आणून टांगून ठेवलेला आसा. मी, आणि माजो जावय समर्थ, आणि मागची ही परक्या मुलखातली पोरां, सगळ्यांका सुखरूप खाली उतरव रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला हो म्हणायचं असतं तसं मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मागच्या पोरांना वाटलं हीच ह्या गाडीची पद्धत असेल, तीही एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा." आणि गाडी सुटली. मी डोळे उघडले ते तेव्हा, कारण जावय हा शब्द माझ्या डोक्यात तेव्हा पोचला.

खाली आल्यावर अप्पा बाकावर बसून लिंबू सोडा प्याले. मी हळूच म्हटलं, अप्पा, तुम्ही देवाला जावय सांगितलंत. ते म्हणाले, "ता भियान बोललंय." भीतीने बोललेलं धरायचं नाही म्हणे. मी म्हटलं, देवाक सांगितलेला परत घेवचा नसता, ह्या तुमीच शिकवलंत. मग त्यांनी नियम काढले. पायात पायतणां असली तर गाऱ्हाणं पोचत नाही. मी रॅकमधल्या त्यांच्या चपला आणून समोर ठेवल्या. हो म्हणणारे चारजण तरी लागतात. ती पोरं पलीकडेच आईस्क्रीम खात होती, त्यांनी लांबूनच हात वर करून व्हय म्हाराजा म्हटलं. मग अप्पांनी सोडा संपवला आणि मिशी पुसली. "आणि नारळ खंय होतो?" म्हणाले. "नारळ ठेवल्याशिवाय बोललेला पोचणा नाय. आणि तो ज्येचा काम त्येच्या कमाईचो होयो."

इथे मी हरलो, माझ्या कमाईचा नारळ तिथे कुठून आणणार? पण पुढचा नियम त्यांनी काढला नाही, उलट त्याच गाडीत परत बसूया म्हणाले, ब्रेक कुठे मारायचा ते आता कळलंय म्हणून. मला गरगरत होतं म्हणून मी नको म्हटलं (हे तू "बघ, टिकत नाय" असं धरशील, धर). सोमवारी मी त्यांना पुण्याच्या बसमध्ये बसवलं. आता सांग, ह्यात मी टांगलं कुठे?

तुझा,
समर्थ

ता.क. अप्पा पुण्याला भावाकडे आहेत, पुढच्या आठवड्यात परत घरी आचऱ्याला येतील. त्याआधी एक काम कर. देवळात जाऊन माझ्या नावाने नारळ ठेव, आणि गुरवाला सांग, रविवारच्या गाऱ्हाण्याचा राहिलेला आहे. ह्या एका कामासाठी सगळं पत्र लिहिलं.

ता.क. दुसरं. गाडी अडकली नव्हती. ती त्या टोकावर दर वेळी थांबतेच, माणसांना भिववायला. मी कंपनीच्या पोरांबरोबर आधी बसलो होतो. परत बसलो असतो तर अप्पांना कळलं असतं, म्हणून गरगरलं. त्यांना सांगू नकोस. रियाला मी सांगितलं. दोन दिवस बोलली नाही, मग काल फोन करून म्हणाली, नारळ मोठो घेवक सांग.

ता.क. शेवटचं. तुझ्या माडाचा चालणार नाही, कितीही चांगला असला तरी. बाजारातून विकत घे. पाकिटात माझ्या पगारातली नोट ठेवली आहे. रुपये पन्नास.