न पोचलेला चौथा आकडा

मंगळवार, संध्याकाळ. रत्नागिरी.

सदतीस. तो आकडा मी दिलाच नव्हता.

प्रोग्रामिंगच्या C भाषेत काही फंक्शनना किती आकडे द्यायचे ते आधी ठरलेलं नसतं. कधी दोन, कधी पाच. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर मी स्वतः लिहिलाय; त्याला ती जमतात का, हे आज पुन्हा तपासलं. चौथा आकडा बावन्न दिला, बाहेर आला सदतीस. आधीच्या साध्या फंक्शनच्या चाचणीतला, मेमरीत तसाच पडून राहिलेला. म्हणजे चौथा आकडा पोचतच नाही, तिथे जे पडलेलं असेल ते उचललं जातं. आजवर दोन्ही चाचण्यांत सदतीसच द्यायचो, म्हणून सगळं पास होत गेलं. आणि मी दुसऱ्यांच्या स्वल्पविरामावर बोट ठेवतो!

उद्या पावसला विनायकच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात याच कंपायलरचा प्रोग्राम बसवायचा होता. तिथे चौथा आकडा बॉयलरच्या तापमानाचा. बॉयलर तापत गेला असता आणि पडद्यावर जुनाच आकडा. शांतपणे.

"अहो, सदतीस सदतीस काय पुटपुटताय? लॉटरी लागली काय?" हिने विचारलं. हसू आलं नाही.

विनायकला फोन केला. "उद्या नको. माझ्या कंपायलरमध्ये चूक आहे." एवढं वाक्य तोंडातून निघता निघेना.

"मेल्या, तूच म्हणालास ना, बाजारातल्यापेक्षा चोख?" तो हसला. मग त्याने विचारलं, "आणि गेल्या महिन्यात बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाला बसवलंस, ते?"

तेही याच कंपायलरचं.

"बंद कर," मी म्हणालो. "आत्ता जा. मी फोन धरून आहे."